शांताची डावी बाजू

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून ऑटोतून उतरत होता. हैदराबादच्या राणीगंजमधल्या आमच्या मेकॅनिकांच्या गल्लीत लोक टॉवेलात काय काय बांधून आणतात, पण तान्ह्या बाळासारखं जपून कुणी आणत नाही. बाहेर नोव्हेंबरची एक चुकार सर पडून गेली होती आणि त्याच्या चष्म्यावर थेंब तसेच होते.

"मेकॅनिक किधर है?" त्यानं विचारलं. हिंदी इतकी पुणेरी, की मला हसूच आलं.

"मराठीत बोला," मी म्हणाले. "मेकॅनिकला समजते."

त्यानं माझ्या मागे पाहिलं. मग बाकाखाली पाहिलं. "कुठे आहेत ते?"

"तुमच्यासमोर. कोपरापर्यंत ग्रीस आहे, ते काय मी मेंदी म्हणून लावलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे चूक झाली की लोक आवाज चढवतात. हा मात्र चष्मा पुसत "सॉरी… खरंच सॉरी" म्हणाला. लगेच माफ केलं असं मी दाखवलं नाही, पण केलं होतं.

टॉवेलातून निघाला सेल्फ. म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देऊन जागं करणारी मोटर. नारळाएवढा, जुना, काळा. मी तो उलटा केला आणि माझा हात थांबला. तळाला बारीक अक्षरात कोरलं होतं — 'हि'. हिम्मतराव. माझे बाबा. ते हात लावतील त्या प्रत्येक सेल्फवर ही खूण करतात.

"हा हुसेनसागरच्या बोटीचा का?" मी विचारलं.

"हो. शांताचा. तुम्हाला कसं कळलं?"

मला कसं कळलं, ते माझ्या घरी विचारायला हवं होतं. दसऱ्यानंतर क्लबच्या या शिडाच्या बोटीचं इंजिन बाबांनी दुरुस्त केलं होतं. सेल्फमध्ये करंट पोचवणारे नवे ब्रश घातले, समोर पाच वेळा सुरू करून दाखवलं, क्लबच्या रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहून सही केली. आणि आठवड्यानं, तलावाच्या मधोमध एका मुलाची छोटी होडी उलटली असताना, शांताचं बटण दाबलं तर नुसता 'कट्' असा आवाज आला. मुलाला दुसऱ्या बोटीनं काढलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण क्लबचे सेक्रेटरी कर्नल कुलदीपसिंग फोनवर बाबांना म्हणाले, "हिम्मतरावजी, अब आप आराम कीजिए."

तीस वर्षांत बाबांना कुणी असं बोललं नव्हतं. त्या दिवसापासून ते सकाळी नारायणगुड्याच्या घरातून निघायचेच नाहीत. सत्त्याण्णव साल होतं. रस्त्यावर नवनव्या गाड्या येत होत्या, बोनेट उघडलं तर आत सगळं झाकलेलं. "आपला जमाना संपला," बाबा म्हणाले. "डिसेंबर सरला की दुकान बंद." मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, दहाव्या वर्षापासून या बाकाशी उभी होते. मला हे दुकान हवं होतं. पण बाबांचं म्हणणं, ज्या दुकानाची सही खोटी ठरली ते दुकान पोरीला काय म्हणून द्यायचं.

हे सगळं मी या पाहुण्याला सांगितलं नाही. सेल्फ बाकावर घट्ट आवळला, बॅटरीच्या तारा लावल्या. तो असा जोरात फिरला की टॉवेल खाली पडला.

"सेल्फ एकदम चांगला आहे," मी म्हणाले. "बिघाड बोटीत आहे. शनिवारी येते मी."

"तुम्ही?"

मी नुसतं पाहिलं. तो पुन्हा "सॉरी" म्हणाला.

माझं नाव शैला, त्याचं अमेय. पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, दर शनिवार-रविवारी क्लबात. शांताच्या देखभालीचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं होतं, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. पंचवीस फुटी लाकडी बोट, शीड गुंडाळलेलं, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मुलांच्या शर्यतीत तिनं पाण्यात थांबायचं आणि कुणी उलटलं की धावायचं, हे तिचं काम. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मोठी शर्यत होती. त्या दिवशी इंजिन एकदा जरी अडलं, तर शांता भंगारात, असं कर्नलसाहेबांनी सांगून टाकलं होतं.

शनिवारी मी बाबांना "मैत्रिणीकडे जाते" असं सांगून गेले. हुसेनसागरच्या पाण्याला त्या काळी जो वास यायचा, तो प्रेमकथेत लिहू नये, पण खोटं कशाला बोलू. वाऱ्याच्या बाजूनं नाक वळवायचं आणि पुढे चालायचं. लांब पाण्यात बुद्धाचा पुतळा उभा होता आणि धक्क्यावर अप्पाराव. हा क्लबचा जुना नावाडी, शांताला लेकीसारखं सांभाळणारा.

"अम्मा, देखो ना," तो मला म्हणाला. "मैं हर साल दसरे कू इसकू नया साडी पेहनाता. फिर बी नखरे करती."

नवी साडी म्हणजे नवा रंग. इंजिन खरंच चकचकीत हिरवं होतं, वर दसऱ्याच्या कुंकवाचा टिळा अजून टिकलेला.

मी अमेयच्या शेजारी बसले, सेल्फ बसवला, म्हणाले, "मारा." त्यानं बटण दाबलं. शांता पहिल्या झटक्यात सुरू.

"हे असंच होतं," तो हताशपणे म्हणाला. "डॉक्टर आला की ताप उतरतो."

बंद करून पुन्हा मारलं. सुरू. पुन्हा सुरू. मी माझा टेस्टचा दिवा काढला — दोन तारांचा छोटा बल्ब, जिथे करंट पोचतो तिथे लागतो. सेल्फपाशी लागला. बटणापाशी लागला. इंजिनाच्या अंगाला लावला, तिथेही. मग मी उठून समोरच्या फळीवर गेले आणि म्हणाले, "आणखी एकदा." कट्.

त्या 'कट्'वर आम्ही दोघांनी एकमेकांकडे इतक्या आनंदानं पाहिलं, की अप्पाराव गोंधळला. रोग समोर आल्याशिवाय औषध कसं देणार?

असे तीन शनिवार गेले. शांता कधी चालायची, कधी रुसायची. मी बटण बदललं, तारा बदलल्या, बॅटरीची टोकं घासली. अमेय प्रत्येक वेळेची नोंद एका निळ्या वहीत करायचा. वेळ, ऊन, वारा, चाललं की नाही. प्रोग्रामरचा स्वभाव, म्हणायचा.

"काय निघालं वहीतून?" मी विचारायची.

"अजून पक्कं नाही," तो म्हणायचा, आणि वही खिशात.

मधल्या वेळात इराण्याचा चहा यायचा आणि उस्मानिया बिस्किटं. एकदा बिस्कीट बुडवताना तो म्हणाला, "तुमचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं. तुम्ही मध्येच 'हौ' म्हणता, 'नक्को' म्हणता…"

"चार पिढ्या हैदराबादेत काढल्यावर तुम्ही पण म्हणाल."

"चार पिढ्या?" त्यानं बिस्कीट विसरून माझ्याकडे पाहिलं. "सुरुवात कधी करायची?"

बिस्कीट चहात पडलं. मी पान्हा उचलून विनाकारण एक घट्ट नट घट्ट करायला लागले. जामबागच्या मराठी शाळेत मला सगळं शिकवलं, पण अशा प्रश्नाला उत्तर काय द्यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं, की मी शनिवारची वाट पाहते ती फक्त इंजिनासाठी नाही.

आणि तिसऱ्या शनिवारी ती वही माझ्या हाती लागली.

शर्यतीला आठ दिवस होते. तो चहा सांगायला गेला होता, वही फळीवर राहिली होती. मी उघडली. पानापानावर तक्ते, सुबक अक्षर. आणि शेवटचा रकाना मी आधी पाहिलाच नव्हता. 'कोण कुठे बसलं.'

शैला डावीकडे, मी डावीकडे — सुरू. शैला उजवीकडे — बंद. मी एकटा डावीकडे — बंद. शैला डावीकडे, मी डावीकडे — सुरू, सुरू, सुरू. खाली तारीख, दोन आठवड्यांपूर्वीची, आणि एकच ओळ: 'दोघं डावीकडे बसलो तरच चालतं. शैलाला सांगायचं आहे. उद्या.'

तो दोन कप घेऊन आला. माझ्या हातात वही पाहून तिथेच थांबला.

"दोन आठवडे," मी म्हणाले. "दोन आठवडे तुम्हाला माहीत होतं."

"शैला, मी सांगणारच होतो… पण सांगितलं असतं तर दहा मिनिटांत तुम्ही बिघाड शोधला असता. मग शनिवारी यायला कारणच…" त्यानं दोन्ही कप फळीवर ठेवले.

दुसऱ्या कुठल्या मुलीला हे गोड वाटलं असतं. मलाही वाटलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी. "माझे बाबा महिनाभर दुकानात आले नाहीत," मी म्हणाले. "लोकांनी त्यांना म्हातारं ठरवलं. त्यांची सही खोटी ठरली. आणि तुम्ही इथे वहीत माझी जागा लिहीत बसलात."

"मला बाबांचं माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं, खरं आहे. पण तुम्ही विचारलं पण नाही."

मी अवजारांची पिशवी उचलली आणि निघाले. तलावाकाठच्या टँकबंडच्या रस्त्यावर डोळे चुरचुरत होते, आणि त्या दिवशी पाण्याच्या वासालाही दोष देता येत नव्हता, कारण वारा उलटा होता.

सोमवारी सकाळी दुकानाशी पोचले तर शटर अर्धं वर. आत बाबांच्या खुर्चीत बाबा. महिन्यानं. आणि समोर, स्टुलाच्या काठावर बसलेला अमेय. मी बाहेरच थांबले. दाराआडून ऐकू नये म्हणतात, पण शटर अर्धंच उघडं असेल तर माणूस काय करणार.

"घरी येऊन मला कामून उठवून आणलं, ते सांगा आता," बाबा म्हणाले.

"काका, हे दुकानातच सांगायला हवं होतं. तुमचं काम बरोबर होतं. सेल्फमध्ये काही दोष नाही, शैलानं माझ्यासमोर तपासला. बिघाड दुसरीकडे आहे, हे मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं आणि मी लपवलं."

"कामून?"

आत स्टूल करकरलं. "शैला यायची बंद झाली असती म्हणून," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण अडखळला नाही. "कर्नलसाहेबांनाही मी काल सांगून आलो, की तुमची सही खरी होती."

बाबांनी चष्मा काढला. "पोरगी चिडली?"

"फार."

"बराबर आहे. ती उगीच चिडत नसते."

मग मी आत गेले. अमेयकडे पाहिलं नाही, निदान पाहिल्याचं दाखवलं नाही. बाबा वही चाळत होते. "डावीकडे दोघं," ते पुटपुटले. "मी आणि अप्पाराव पण डावीकडेच वाकून बसलो होतो. म्हणून पाच वेळा चाललं माझ्यासमोर…"

"बॅटरी डाव्या फळीखाली आहे," मी म्हणाले. "दोघांच्या वजनानं फळी वाकते. खाली अर्थिंगची, करंट परत नेणारी केबल आहे, ती दबते. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलंय. दबली की ते टोक जरासं फिरतं आणि नीट टेकतं. पण बोल्ट घट्ट आहे, बाबा. मी स्वतः पाहिला. दिवा पण लागला होता तिथे."

"दिव्याला करंट लागतो चिमूटभर," बाबा म्हणाले. "सेल्फला लागतो पोतंभर."

मी कपाळावर हात मारला. हे त्यांनी मला बारा वर्षांची असताना शिकवलं होतं.

"रजिस्टर पण पाहिलं मी," अमेय हळूच म्हणाला. "चार वर्षांच्या तक्रारी. सगळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच आहेत. का ते मला कळत नाही."

मी आणि बाबांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. तिथे आमची जुनी चार्जिंगची पेटी होती, दसऱ्याच्या हळदीकुंकवानं माखलेली. फक्त तिची दोन टोकं लख्ख, कोरी. लहानपणी एका खंडेनवमीला मी त्या टोकांवरही कुंकू थापलं होतं आणि बाबांनी ते पुसून मला सांगितलं होतं, "गंध कपाळाला लावायचं, डोळ्यात नाही."

"नवी साडी," मी म्हणाले. "अप्पारावची नवी साडी."

बाबा दुकान सांभाळायला थांबले आणि त्याच दुपारी मी, अमेय आणि अप्पाराव शांतावर होतो. मी बोल्ट काढला, केबलचं टोक बाजूला केलं. त्याच्या खाली, जिथे उघडं लोखंड हवं, तिथे गुळगुळीत हिरवा रंग. मी पात्यानं खरवडलं. हिरव्याखाली निळा. निळ्याखाली लाल. लालखाली पुन्हा हिरवा. दर दसऱ्याला अप्पाराव मन लावून एकेक तार काढायचा, खालीसुद्धा रंग द्यायचा, वाळू द्यायचा आणि परत आवळायचा. महिन्या-दोन महिन्यांत इंजिनाच्या थरथरीनं टोकाची कड रंगात रुतून लोखंडाला टेकायची, म्हणून पुढे तक्रार नसायची. दुसरा कुणी कामचुकार असता तर वरच्या वर ब्रश फिरवून मोकळा झाला असता आणि शांता कधी अडली नसती.

अप्पाराव ते रंगाचे थर पाहत राहिला. "मेरे इच हाथ से हुआ, अम्मा?" त्यानं विचारलं.

"इतकं मन लावून कुणी रंगवत नाही, अप्पाराव," मी म्हणाले. "अगले दसरे कू बी करो. बस, रुपये के सिक्के बराबर जगा छोड देना."

त्यानं मान हलवली आणि खिशातून रुपयाचं नाणं काढून त्या जागेवर ठेवून पाहिलं, नीट लक्षात राहावं म्हणून. मी लोखंड चमकेपर्यंत घासलं. अमेय टॉर्च धरून बसला होता. टोक आवळताना माझा पान्हा निसटला, त्यानं झेलला आणि माझ्या हातात ठेवला. बोटं जरा जास्त वेळ तिथेच राहिली. माझी की त्याची, ते सांगणार नाही.

"बाबांना तुम्ही स्वतः जाऊन सांगितलं," मी बोल्टकडे पाहत म्हणाले. "पुण्याच्या माणसाला एवढी हिंमत कुठून आली?"

"हिम्मतरावांकडे जायचं म्हटल्यावर आणावीच लागली," तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मी हसले.

रविवारी धक्क्यावर गर्दी होती. रंगीबेरंगी शिडं, आयांची लगबग, कर्नलसाहेबांची शिटी. शर्यतीआधी त्यांनी शांताची परीक्षा ठेवली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी सगळ्यांना डाव्या फळीवरून उठवलं. एकही माणूस तिकडे नको. अमेय उभा राहूनच बटणाशी गेला.

पहिल्यांदा सुरू. दुसऱ्यांदा सुरू. बाबा डोळे मिटून नुसतं ऐकत होते. पाचव्या वेळी अप्पारावनं मोजायला सुरुवात केली, तेलुगूत, मोठ्यानं. सातव्याला धक्क्यावरची मुलंही मोजायला लागली. दहाव्या वेळी शांता अशी गरजली, की जेट्टीवरचे बगळे उडाले आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र वाकून तो बोल्ट चाचपून पाहिला.

कर्नलसाहेब रजिस्टर घेऊन बाबांसमोर आले. "हिम्मतरावजी, मुझसे गलती हुई. साइन कीजिए."

बाबांनी पेन घेतलं. क्षणभर वाटलं, करतील. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "मेकॅनिक उनो है, कर्नलसाब. दस्तखत उनोच करती."

रजिस्टरात माझ्या हाताचं ग्रीस लागलं. 'ठीक', मी लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव.

"आणि ऐक," बाबा धक्क्यावर उतरताना म्हणाले. "एक जानेवारीला कुठे फिरायला जाऊ नकोस. दुकान कोण उघडणार?" मग जरा थांबून, अमेयकडे न पाहता, "याला पण सांग. गिऱ्हाईक म्हणून नाही. जेवायला."

शर्यत सुरू झाली. अप्पाराव पुढे टोकाशी, दुर्बीण लावून मुलांवर नजर ठेवून. अमेय सुकाणू धरून डावीकडे बसला होता. उजवी फळी अख्खी रिकामी, तिथे वाराही चांगला होता. मी उभी होते.

"आता कुठेही बसलं तरी चालतं," तो म्हणाला. "तुम्ही इतकं छान काम केलंय, की… इकडे बसायची गरजच उरली नाही."

"इंजिनाला नाही उरली," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले. फळी दोघांच्या वजनानं वाकली.

तो सुकाणूवर एकच हात ठेवून सावरून बसला. मग दुसऱ्या हातानं खिशातली निळी वही काढली, गुडघ्यावर ठेवली.

"आता काय लिहिताय?"

"नोंद." तो लिहिताना मोठ्यानं वाचत होता. "रविवार, अकरा वाजता. शैला डावीकडे. कारण…" त्यानं माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावर पुन्हा पाण्याचे थेंब होते, आणि त्यामागे तोच पहिल्या दिवशीचा लाल झालेला चेहरा. "कारण अजून पक्कं नाही."

मी त्याच्या हातातलं पेन नीट धरून दिलं.

"लिही," मी म्हणाले. "पक्कं आहे."